प्रोटीन खात्याचा कारभार

माझ्या बायकोचे स्नायू नाहीसे होत चालले आहेत, ही बातमी मला एका शनिवारी सकाळी मोबाइलवर मिळाली.

बातमी खास तिच्याबद्दल नव्हती. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांसाठी कुणीतरी लिहिलेला तो लेख होता. पण मी एका विमा कंपनीच्या रत्नागिरी शाखेत दावे तपासतो. माणसं कशाकशानं जातात हे वाचण्याचाच मला पगार मिळतो. नारळ पडून, जिन्यावरून घसरून, एकजण तर शिंक आली म्हणून विहिरीत. त्यामुळे जगातली प्रत्येक वाईट गोष्ट आपल्याच पत्त्यावर निघालेली आहे, पोचायला थोडा उशीर झालाय इतकंच, अशी माझी ठाम समजूत आहे.

लेखात म्हटलं होतं, की तासन् तास सायकल हाणणाऱ्या माणसाच्या पोटात पुरेसं प्रोटीन गेलं नाही, तर शरीर इंधन म्हणून स्वतःचेच स्नायू वापरायला काढतं. मी मान वर करून पाहिलं. मनस्विनी सायकलवरून पावसला जाऊन आली होती आणि हॉलमध्ये जमिनीवर पाठ टेकून, दोन्ही पाय भिंतीला लावून पडली होती. मला ती डोळ्यांदेखत झिजताना दिसली.

“तू आज प्रोटीन किती खाल्लंस?” मी विचारलं.

“चहा प्यायल्ये,” ती डोळे न उघडता म्हणाली.

मनस्विनी शाळेत भूगोल शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर तिनं सायकल घेतली, तेव्हा मला वाटलं होतं, भाजीबिजी आणायला बरी. आता ती महिन्याभरानं होणाऱ्या दोनशे किलोमीटरच्या फेरीत उतरणार होती. रत्नागिरीहून निघायचं, पावस, पूर्णगड, नाटे करत थेट देवगडच्या वाटेला लागायचं आणि संध्याकाळी ठरल्या वेळेच्या आत परत यायचं. वेळ चुकली तर फेरी बाद. गेल्या वर्षी ती थोडक्यात चुकली होती. त्यानंतर आठवडाभर ती घरात फार गोड वागत होती, आणि ते मला बघवलं नव्हतं.

म्हणून मी त्याच शनिवारी घरातलं प्रोटीन खातं स्वतःकडे घेतलं. कुणी दिलं नव्हतं.

वजनाच्या किलोला साधारण दीड ग्रॅम, असा लेखातला दर होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी आमटीची वाटी ठेवली, डाळ किती आणि पाणी किती याचा अंदाज घेतला, आणि मला घाम फुटला. आमच्या आईची आमटी ही मुख्यतः पाण्याचीच एक जात आहे. तसं मी आईला म्हणालो. त्यानंतर दोन दिवस आमटी झाली नाही आणि घरातलं प्रोटीन शून्यावर आलं.

मग मी निलेशकडे गेलो. निलेश आमच्याच सोसायटीत राहतो आणि जिममध्ये शिकवतो. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे आहेत, म्हणजे तसे फार मोठे नाहीत, पण दंड म्हणून मोठेच.

“काका, ताईंना व्हे प्रोटीन चालू करा,” तो म्हणाला. तो मला काका म्हणतो आणि मनस्विनीला ताई. त्या नात्यानं मी माझ्याच बायकोचा काका लागतो, हे मी त्याला अनेकदा सूचित केलं आहे. “दुधातून काढलेलं असतं. शुद्ध शाकाहारी. राइड झाली की लगेच शेक.”

डबा आला. काळाकभिन्न, बादलीएवढा, त्यावर कमरेपासून वर काहीही न घातलेला एक माणूस दात खात उभा. आईनं तो पाहिला.

“गोपाळ, हा बाप्या कोण रे?”

“आई, ती चॉकलेटची पावडर आहे. मनस्विनीसाठी.”

“मग ह्याचं काय काम?”

आईनं डब्याचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि वरून एक पंचा टाकला.

मनस्विनीनं दोन दिवस तो शेक प्यायला. तिसऱ्या दिवशी ती सराव अर्धा सोडून परत आली आणि मला ‘तुम्ही’ म्हणाली. सांगायला हवं, की ती आईसमोर मला ‘अहो’ करते, एरवी ‘तू’, आणि एकांतात ‘तुम्ही’ म्हणाली तर मी सरळ गॅलरीत जाऊन उभा राहतो.

“तुमच्या त्या डब्यानं माझ्या पोटात नगारे वाजतायत. पावसच्या चढावर पुढच्या मुलीनं दोनदा मागे वळून बघितलं.”

मी घाबरलो. डबा बनावट तर नसेल? शेजारचे रमजानभाई म्हणाले, “गोपाळराव, हल्ली सगळं डुप्लिकेट येतं. कोड स्कॅन करा.” रमजानभाईंची हयात आखातात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त होऊन आले तरी ते आवाज चढवूनच बोलतात, त्यामुळे माझा खाजगी प्रश्न चारही मजल्यांना कळला. कोड स्कॅन होईना. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, ते दाबल्यावर हिंदीत एक बाई आल्या आणि म्हणाल्या, डब्याच्या आतल्या तळावर एक नंबर असतो, त्याचा फोटो पाठवा. आतल्या तळावर! म्हणजे भरलेली बादली रिकामी करा. मी सगळी पावडर एका स्टीलच्या डब्यात ओतली, रिकाम्या डब्यात डोकं घालून फोटो काढला आणि पाठवला. उत्तर आलं, की डबा उघडलेला असल्यामुळे त्याच्या अस्सलपणाची खात्री देता येत नाही.

हे उत्तर मी तिसऱ्यांदा वाचत असताना आमच्याकडे आईचं भजनी मंडळ जमलं होतं. भजन संपलं. आईनं सगळ्यांना गरम आंबील दिली. नाचणीची. म्हणजे आईच्या मते नाचणीची.

स्टीलच्या डब्यात तपकिरी पीठ होतं. आमच्याकडे स्टीलच्या डब्यातलं तपकिरी पीठ म्हणजे नाचणीचं सत्त्व, यात आईची काहीच चूक नाही. तिनं ते ताकात कालवलं, मीठ, जिरं आणि हिंग घातलं, आणि उकळलं. उकळल्यावर त्याचे धागे झाले. मी स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा पातेल्याच्या तळाशी रबरासारखं काहीतरी उरलं होतं आणि बाहेर सहा वृद्ध बायका, आईच्या वयाचा मान राखून, चॉकलेट आणि हिंगाची आंबील शांतपणे चावत होत्या.

“नाचणी नवीन दिसत्ये,” एक म्हणाली.

त्यांतल्या गोदूबाईंनी पुन्हा वाढून घेतली.

मी गप्प बसायला हवं होतं, असं आता सगळेच म्हणतात. पण गोदूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, की मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. कुणाला काय त्रास आहे, मला काय ठाऊक? संध्याकाळी मी एकेकीच्या घरी जाऊन, अगदी सहज, विचारलं, “बरं वाटतंय ना? काही जाणवत नाही ना?”

आता, विम्याचे दावे तपासणारा माणूस दिवेलागणीला दारात येऊन ‘बरं वाटतंय ना’ असं विचारू लागला, तर माणसाला बरं वाटायचं थांबतं. एकीला तिथल्या तिथे घाम आला. दुसरीनं मुंबईच्या मुलाला फोन करून सांगितलं, की गोपाळला ऑफिसातून काहीतरी कळलंय पण तो बोलत नाही. मुलानं मला फोन केला. मी म्हटलं, काळजीचं काही कारण नाही, फक्त लघवीकडे लक्ष ठेवा. तो तातडीनं गाडी काढून निघाला. एकट्या गोदूबाई ठणठणीत होत्या. उलट त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते. त्यांनी आईकडे त्या नाचणीच्या दुकानाचं नाव मागितलं.

त्या रात्री पोळी वाढताना आई म्हणाली, “मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस हो.”

शेवटी मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. एकटाच, कारण मनस्विनीला सराव होता आणि मुळात मी तिला सांगितलं नव्हतं.

“पेशंट कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“सायकलवर.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “दही, पनीर, उसळी, दूध, चालत असेल तर अंडं, हे दिवसभरात वाटून वाटून द्या. दमून आल्यावर तास-दोन तासांत नीट जेवू दे. पावडरीशिवाय भागतं. सायकलवर असताना मात्र भात, केळं, गोड काही, आणि मीठ-पाणी. तिथे प्रोटीनचं काही काम नाही. आणि त्या दिवशी नवीन काही पोटात घालायचं नाही.” मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “तुम्ही स्वतः जेवता का वेळेवर?”

मी हा प्रश्न विषयांतर म्हणून सोडून दिला. बाकीचं मात्र मन लावून ऐकलं, आणि बाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षात फक्त ‘उसळी’ हा शब्द राहिला. उसळ म्हणजे कडधान्य, कडधान्य म्हणजे कुळीथ. मी कुळथाचं पीठ, शेंगदाणे, तीळ आणि गूळ आणून लाडू करायला घेतले. पाक कधी उतरवायचा याबद्दल आईला विचारण्याची सोय उरली नव्हती. मी अंदाजानं उतरवला. लाडू वळले तेव्हा लाडूच होते. सकाळपर्यंत त्यांचा जांभा दगड झाला. रमजानभाईंनी एक घेऊन कोयत्यानं फोडून पाहिला आणि कोयत्याची धार तपासली.

“टिकतील,” ते म्हणाले.

मनस्विनीनं लाडवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या वेळी ती रागावलीसुद्धा नाही. माझ्या शेजारी येऊन बसली.

“हे बघ, मला आई सांदण करून देतायत, तांदळाच्या रव्याचं, आंब्याच्या रसातलं. ते मला पचतं. रोज दही खात्ये, उसळ खात्ये, आता तर अंडंही खात्ये, रमजानभाईंच्या घरी जाऊन. माझं नीट चाललंय. तू त्या दिवशी फक्त घरी थांब. वाटेत तू दिसलास ना, की माझं सगळं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे जातं. तुझा चेहरा बघून मला वाटायला लागतं, की मला काहीतरी झालंय.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

फेरीच्या दिवशी पहाटे ती लाल दिवा लुकलुकवत वळणाआड गेली. आईनं पोहे पुढे ठेवले, ते मला गिळेनात. दोनशे किलोमीटर. मध्ये काही झालं तर? चार तासांनी स्नायू पेटायला लागले तर? मी रमजानभाईंची बेल वाजवली. ते व्हॅनची किल्ली हातात घेऊनच दारात उभे होते.

“मला माहीत होतं, तुम्ही येणार,” ते म्हणाले. “बायको म्हणाली, दहा मिनिटांत येतील. तुम्ही पाचच लावलीत.”

पिशवीत लाडू, थर्मासमध्ये दूध, असे आम्ही निघालो. ठरलं असं होतं, की तिला दिसायचं नाही. नुसतं मागे राहायचं. पण जुनी व्हॅन सायकलच्या मागे, सायकलच्या वेगानं, बागांमधल्या रस्त्यावरून चालवली तर ती जगातल्या सगळ्यांना दिसते. पूर्णगडच्या पुलाअलीकडे मोटरसायकलवरून एक मुलगी आली आणि तिनं आम्हाला हात करून थांबवलं. अंगात फेरीचं जाकीट, त्यावर नाव : तेजस्वी.

“बराच वेळ बघत्ये मी. तुम्ही कुणाबरोबर आहात? कारण घरच्यांनी मदत करायची असेल, तर फक्त नाट्याच्या कंट्रोल पॉइंटवर, कार्डावर शिक्का मारतात तिथे. वाटेत कुणी स्वाराच्या मागे राहिलं, खायला-प्यायला दिलं, तर स्वाराची फेरी बाद होते. नियम आहे.”

मी प्रोटीनवर इतकं वाचलं होतं, की एखाद्या परीक्षेला बसलो असतो. फेरीचे नियम मात्र उघडूनही पाहिले नव्हते. पुढच्या वळणावर मनस्विनी मान खाली घालून चढ चढत होती, आणि तिचं सगळं वर्ष माझ्या पुढच्या वाक्यावर टांगलेलं होतं.

“आम्ही कुणाचेच नाही,” मी म्हणालो. “आम्ही मच्छी घ्यायला चाललोय. नाट्याला.”

“हो का? कुठली मच्छी?”

“कोळंबी,” मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायचं होतं. “एक मोठी. तुकडे करून.”

रमजानभाईंनी डोळे मिटून घेतले. तेजस्वीनं माझ्या चष्म्याकडे, गळ्यातल्या मफलरकडे आणि मांडीवरच्या थर्मासकडे पाहिलं. मग गाडीचा नंबर मोबाइलमध्ये टिपला.

आता पेच बघा. नाट्याच्या कंट्रोल पॉइंटवर मला बायकोला उघडपणे, नियमानुसार, हवं ते देता आलं असतं. पण तिथे तेजस्वी उभी होती, आणि तिच्या लेखी मी मच्छीवाला होतो. मी नवरा निघालो असतो, तर सकाळपासून मागे राहणारा नवरा निघालो असतो. त्यामुळे मनस्विनी तिथे आली, कार्डावर शिक्का मारून घेतला, बाकीच्या स्वारांना त्यांच्या घरच्यांनी पाठीवर थापा मारल्या, केळी सोलून दिली, आणि मी समोरच्या जाळ्यांच्या ढिगामागे उभा राहून पाहत राहिलो. तिनं एकटीनं पाणी भरलं, एकटीनं सांदण खाल्लं आणि देवगडच्या दिशेला निघून गेली. मी चष्मा काढून पुसला आणि दोष जाळ्यांच्या वासाला दिला.

खोटं बोललो होतो म्हणून रमजानभाईंनी खरोखरच मासळी घेतली. बांगडे. मग एका खाणावळीत पोटभर जेवले. मला म्हणाले, “घ्या की, वरण-भात आहे.” मी म्हटलं, ती येऊ दे. ती परत यायला दुपार कलली. शिक्का मारून निघाली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं उतरला होता आणि उजवा पाय ती जरा जपून टाकत होती.

“चला,” मी म्हणालो. “पुढे जाऊन थांबू. तिच्या मागे नको, पुढे राहू. पुढे राहण्याबद्दल नियम नाही.”

पुढे गेलो. पण बांगड्यांना बर्फ हवा होता, आणि रमजानभाईंची मावसबहीण वाटेतल्याच गावात आत राहायची. “पाच मिनिटं,” ते म्हणाले. मावसबहिणीकडची पाच मिनिटं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी पिशवी घेऊन उतरलो आणि सड्यावरच्या रस्त्यानं चालू लागलो. नुसतं लांबून बघायचं, ती पुढे गेली की झालं.

सड्याच्या उघड्या पठारावर नावाला झाड नाही. काळा कातळ आणि वाळलेलं गवत, दूर खाली समुद्र. ऊन डोक्यावर नव्हतं तरी कातळातून वर येत होतं. थोडं चाललो आणि रस्ता जरा डावीकडे कलला. मग उजवीकडे. सकाळचे पोहे डोळ्यांसमोर आले. लाडू खावा असं मनात आलं. पण तो फोडायला दगड लागला असता, आणि दोघांतलं आधी कोण फुटेल सांगता येत नव्हतं. थर्मासमधल्या दुधाला बांगड्यांचा वास लागला होता. मी रस्त्याकडेला बसलो. बसलो म्हणजे पाय खालून गेले.

तेवढ्यात ती वळणावर दिसली.

मी सगळं बळ एकवटून ओरडलो, “थांबू नकोस! पुढे जा! माझी-तुझी ओळख नाही!”

ब्रेक करकरले. सायकल आडवी पडल्याचा आवाज आला आणि मनस्विनी माझ्यासमोर गुडघे टेकून बसली.

“अहो, काय झालं? छातीत दुखतंय का? माझ्याकडे बघा.”

“तू जा. फेरी बाद होईल.”

“सकाळपासून काय खाल्लंत?”

मी पिशवी पाठीमागे सरकवली. तिनं तळव्यानं माझं कपाळ पुसलं. इतक्या वर्षांत तिला माझ्यासाठी घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. घाबरण्याचं खातं आमच्याकडे माझं आहे. तिनं आपल्या बाटलीतलं मीठ-साखरेचं पाणी मला पाजलं, पाठीवरच्या खिशातून सांदणाचा शेवटचा तुकडा काढला आणि लहान मुलाला भरवावं तसा भरवला. मी चावत होतो आणि रडू येतंय की काय, या काळजीत होतो.

मोटरसायकल येऊन थांबली. तेजस्वी उतरली.

“मॅडम, हे तुम्हाला काही देतायत?”

“नाही. मी यांना देत्ये.”

“हे तर मच्छीवाले.”

मनस्विनीनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात आजवर मासळी शिरलेली नाही. तिला एका क्षणात सगळं कळलं. एक शब्द बोलली असती, की हो, कुणीतरी वाटसरू आहेत बिचारे, तर प्रश्न तिथेच मिटला असता. मी डोळ्यांनी तिला तेच विनवत होतो.

“हे माझे मिस्टर आहेत,” ती म्हणाली.

तेजस्वीनं मोठा श्वास घेतला. “मग मला आयोजकांना विचारावं लागेल.”

सड्यावर रेंज नव्हती. ती मोबाइल उंच धरून एका कातळावर चढली, मग दुसऱ्या. तिकडून तुकड्या-तुकड्यानं ऐकू येत होतं : “नाही सर, मदत घेतली नाही, दिली... नवऱ्याला... हो, सकाळी मच्छीवाले होते...” वेळ चालला होता. मनस्विनी उठली नाही. माझ्या ओठांना रंग येईपर्यंत बसून राहिली, नाडीवर बोटं ठेवून. मग उठली आणि सायकल उभी केली.

“काय ठरेल ते मला रत्नागिरीत सांगा,” ती कातळाकडे बघून म्हणाली. आणि मला, “इथून हलायचं नाही. रमजानभाई आले की पहिल्यांदा जेवायचं. जेवलास की नाही ते मी विचारणार आहे.”

‘जेवलास’ म्हणाली. मला जरा धीर आला.

रमजानभाई बर्फ, बांगडे आणि मावसबहिणीनं दिलेल्या भाकऱ्या घेऊन आले. मी चार भाकऱ्या कांद्याशी खाल्ल्या. तोवर तेजस्वी शेजारी बसून होती. निर्णय कळला नव्हता. फोन मध्येच तुटला होता.

“कोळंबी मिळाली का?” तिनं विचारलं.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ फेरी संपायची होती. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते, बरेच स्वार येऊन गेले होते आणि टेबलावरचा माणूस पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. तिनं माझ्यापायी घालवलेला वेळ मला कुठून तरी परत आणता आला असता, तर मी तो आणला असता. येणारा प्रत्येक दिवा स्कूटरचा निघत होता. शेवटी एक दिवा डगमगत आला, रिक्षाला चुकवून वळला, आणि मनस्विनी टेबलाशी थांबली. कार्ड पुढे केलं. त्या माणसानं घड्याळ पाहिलं, तेजस्वीकडे पाहिलं.

तेजस्वी म्हणाली, “सरांशी बोलणं झालं. मदत घ्यायची नाही, असा नियम आहे. स्वारानं कुणाला मदत करायची नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही. आणि सकाळी व्हॅनमध्ये होते ते मच्छीवाले. मारा शिक्का.”

शिक्का पडला. काही मिनिटंच उरली होती, पण वेळेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमजानभाईंनी व्हॅनचा हॉर्न वाजवला, तो मग बराच वेळ बंद होईना.

“आता तुम्ही मदत करू शकता,” तेजस्वी मला म्हणाली.

मी धावलो. सायकल तिच्या हातातून घेतली, भिंतीला टेकवली, ती पडली, परत टेकवली. “काय देऊ? दूध आणू? दही आणू? हॉटेलात अंडी उकडून देतात का विचारू? पाय चोळू? गाडी जवळ आणायला सांगू?”

“काही नको,” ती म्हणाली. “बस इथे.”

ती बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, डोळे मिटले, आणि बघता बघता तिला झोप लागली. भर रस्त्यात, हेल्मेटसकट. हेल्मेटची कड माझ्या मानेत रुतत होती. मी हललो नाही. तिचा श्वास मोजावा असं एकदा वाटलं, आणि मोजला नाही.

रस्त्यावरून माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ चालले होते. आम्हाला बघून घाईघाईनं रस्ता ओलांडून आले.

“अरे, गोपाळराव! काय झालं वहिनींना? डॉक्टरांकडे न्यायचं का?”

“हळू बोला,” मी म्हटलं. “काही झालेलं नाही. दमलीये.”